मदत हवी आहे: आयातशुल्काने देशाचं उत्पन्न वाढतं की घटतं?

मंडळी, एका मुद्द्यावर अडकले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आयातशुल्क भरमसाट होतं आणि अर्थव्यवस्थाही झपाट्याने वाढली. पण ती शुल्कामुळे वाढली, की शुल्क असूनही? रेल्वे, स्थलांतरित कामगार, अफाट जमीन हेही तेव्हाच होतं ना! आयातशुल्क वाढवणाऱ्या अमेरिकेच्या १९३० च्या स्मूट-हॉली कायद्यानंतर मात्र इतर देशांनीही उलट शुल्क लावलं.

२०१८ मध्ये अमेरिकेने आयात पोलादावर २५ टक्के शुल्क लावलं. पोलाद कारखान्यांना आधार मिळाला, पण तेच पोलाद घेऊन यंत्रं बनवणाऱ्यांचा खर्च वाढला. हा तोटा राष्ट्रीय उत्पन्नात नेमका कुठे दिसतो? तिजोरीत जमा झालेलं शुल्क त्यातून वजा करायचं का? कुणी आकडेमोड करून समजावेल का? खरंच समजून घ्यायचंय.