भुयारी मेट्रोत जीव घाबरा होतो, काय करू?

स्वारगेटकर: २०२४ला स्वारगेटची भुयारी मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून घरचे मागे लागलेत, बस सोड म्हणून. पण दार बंद झालं की छातीत धडधड, तळहातांना घाम. दोनदा मंडईलाच उतरून रिक्षा केली.

लिफ्टवाला: ताई, माझं लिफ्टचं असंच होतं. उतरून रिक्षा केलीत ना, गोची तिथेच आहे. त्या क्षणी बरं वाटतं, पण मन शिकतं की पळालो म्हणून वाचलो. माझ्या समुपदेशकांनी उलटं करायला लावलं. आधी नुसतं लिफ्टसमोर उभं राहायचं, मग एकच मजला, रोज. कानात गाणी नाहीत, फोन नाही, जपसुद्धा नाही (आईला हे अजून पटलेलं नाही). धडधड शिगेला जाते आणि आपोआप उतरते. पहिले चार दिवस मात्र शिव्या द्याल मला.

पेठेतली काकू: आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घे गं. मग खुशाल घाबर.

स्वारगेटकर: ईसीजी नॉर्मल. आज कसबा पेठ ते मंडई, एकच स्टेशन. ओढणी घामानं भिजली, पण फोन पर्समध्येच होता. उद्या परत तेवढंच.