वीजबिलाचा प्रोग्राम: फ्लोचार्ट एकच, उत्तरं दोन

प्रश्न: डिप्लोमा सेकंड इयर. पायथनमध्ये वीजबिलाचा प्रोग्राम करायचाय, फ्लोचार्ट सरांनीच दिलाय. 100 युनिटपर्यंत 4 रु., 101 ते 300 ला 9, त्याच्या वर 12 (दर खरे नाहीत, असाइनमेंटपुरते). मी डायमंडप्रमाणे (फ्लोचार्टमधली अट तपासायची चौकट) इफ-एलिफ म्हणजे 'असं असेल तर, नाहीतर तसं' वाल्या अटी लावल्या, एरर काहीच नाही, 250 युनिटला 2250 येतात पण पार्टनरचे 1750 येतायत आणि तो म्हणतो फ्लोचार्ट तोच आहे. कोणाचं बरोबर धरायचं? टेस्ट केसचा तक्ता (कुठल्या इनपुटला काय उत्तर यायला हवं) पण जोडायचाय, त्यात काय काय टाकू?

उत्तर १: पार्टनरचं. तू सगळेच 250 युनिट 9 ने गुणलेस. टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटला लागतो, पहिले 100 चारनेच म्हणजे 400, उरलेले 150 नऊने 1350. घरगुती बिलात पण 0-100, 101-300 असे टप्पे असतात आणि हिशोब असाच होतो. तुझ्या कोडमध्ये 100 टाक मग 101 टाक, 400 वरून डायरेक्ट 909! एका युनिटला 509 रुपये कोण लावेल? 409 यायला हवेत.

उत्तर २: वरच्यांशी सहमत, पण कोडला हात लावायच्या आधी फ्लोचार्ट बघ. चौकटीत नुसतं 'बिल = युनिट × दर' लिहिलं असेल तर घोळ तिथेच आहे, तुम्ही दोघांनी आपापला अर्थ काढलात. सरांना विचारून चौकट दुरुस्त कर, मग कोड. तक्त्यात 0, 1, 99, 100, 101, 299, 300, 301 घे, चुका बहुतेक काठावरच सापडतात, < आणि <= मध्ये गल्लत झाली की मधल्या 250 ला कळतच नाही. आणि अपेक्षित उत्तर आधी वहीत काढ, 300 ला 2200, 301 ला 2212. प्रोग्राम चालवून आलेलं उत्तरच अपेक्षितच्या रकान्यात उतरवणारे खूप पाहिलेत, त्याला टेस्टिंग म्हणत नाहीत.

उत्तर ३: उणे युनिट राहिले की. -50 टाकलं तर ते 100 पेक्षा कमीच ना, बिल उणे 200, म्हणजे वीजवालेच तुला पैसे देणार 😄 मागचं आणि चालू रीडिंग उलटं टाकलं की असंच होतं. आणि इनपुट स्ट्रिंग (नुसता मजकूर) येतो, इंटमध्ये (पूर्णांकात) बदलताना कोणी 'अडीचशे' टाइप केलं तर प्रोग्राम तिथेच आपटणार, ती पण केस टाक.

प्रश्नकर्ता: चौकटीत खरंच तेवढंच लिहिलंय 😅 सरांना विचारतो. 0 युनिटला बिल 0 च ना?

उत्तर २: डिझाइनमध्ये स्थिर आकार (वापर कितीही असो, लागणारी ठरलेली रक्कम) नसेल तर 0. असेल तर घर बंद असलं तरी तो लागतोच.