चेनसॉची चेन वारंवार ढिली पडते. ताण नेमका किती ठेवावा?

वरुडचा बागायतदार
नमस्कार. बागेतील वाळलेली संत्र्याची झाडे आणि धुऱ्यावरच्या दोन जुन्या बाभळी काढण्यासाठी मी १८ इंची बारचा (चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीचा), पेट्रोलवर चालणारा चेनसॉ घेतला आहे. संत्र्याच्या झाडांना काही अडचण आली नाही. मात्र बाभळीच्या बुंध्याला लागल्यापासून दर पंधरा-वीस मिनिटांनी चेन ढिली होऊन बारखाली लोंबते, आणि दोनदा तर चालू कामात ती उतरली. परवा भर दुपारी वैतागून, चेनला हात लावता येत नव्हता इतकी ती तापलेली असताना, मी ती चांगली कसून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर ती हाताने जागची हलेना. दुकानदार म्हणतात, नवी चेन घ्या. चेन खरोखरच गेली आहे, की माझीच पद्धत चुकते आहे?

पाना-पक्कड, अचलपूर
सर्वप्रथम, चेन त्या अवस्थेत असताना यंत्र सुरू करू नका. लोखंड तापले की लांबते आणि निवले की आखडते. त्यामुळे गरम असताना कसलेली चेन रात्रीतून आखडून बारला आवळून बसते आणि तो सगळा ओढा क्रँकशाफ्ट (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) व बेअरिंगवर येतो. कामाच्या मधे गरम चेन थोडी कसावी लागली तरी हरकत नाही, पण काम संपताच ती पुन्हा सैल करून ठेवावी.

आता पद्धत. यंत्र बंद करून निवू द्या, स्पार्क प्लगची टोपी काढा, जाड हातमोजे घाला आणि चेनब्रेक मोकळा करा, नाहीतर चेन हलणारच नाही आणि ती घट्ट आहे असा उगाच समज होईल. बाजूच्या झाकणाचे दोन्ही नट काढू नका, फक्त ढिले करा. त्यानंतर बारचे टोक वर उचलून धरा आणि ते तसेच धरून ताणाचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवत चेन बारच्या खालच्या कडेला टेकेपर्यंत आणा. नट आवळून होईपर्यंत टोक खाली सोडायचे नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची चूक नेमकी इथेच असते: नट आवळताना टोक खाली असते, आणि पहिल्याच कापात बार वर सरकून चेन पुन्हा ढिली पडते. ताण बरोबर असेल तर चेन खालून लोंबत नाही, तरीही हाताने ओढल्यावर बारभोवती सहज फिरते.

झाकण उघडलेच तर ताणाच्या स्क्रूची छोटी पिन बारच्या भोकात बसली आहे ना, हेही पाहा. ती बाहेर राहिली असेल तर स्क्रू कितीही फिरवला तरी बार पुढे सरकत नाही.

कटाईवाला, चामोर्शी
वरील उत्तराशी मी सहमत आहे; फक्त तेलाचे विचारायचे राहिले. चेनला तेल पोहोचत नसेल तर ताण कितीही अचूक ठेवा, ती तापणार आणि लांबणारच. यंत्र सुरू करून बारचे टोक एखाद्या पांढऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर दूर धरा आणि वेग वाढवा. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. शिवाय बाभळीचे लाकूड कठीण असते, त्यात चेन लवकर बोथट होते. कापताना लाकडाच्या चिपट्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की समजावे, आता ताणाला नव्हे, कानसीला हात घालायची वेळ झाली. तेल कोणते वापरता?

वरुडचा बागायतदार
दोघांचेही आभार. सांगायला संकोच वाटतो, पण ट्रॅक्टरमधून काढलेले जळके ऑइल वापरत होतो. आज बार काढला तेव्हा त्याचे तेलाचे भोक काळ्या चिकट गाळाने पूर्ण बुजलेले होते, आणि खाचेत भुशाचा असा थर बसला होता की तो सायकलच्या स्पोकने खरवडावा लागला. पिन मात्र जागेवर होती. टोक उचलून ताण दिल्यावर अर्धा तास ओंडके कापले, चेन उतरली नाही. पण हाताने फिरवताना एका ठिकाणी ती अजूनही अडते.

पाना-पक्कड, अचलपूर
चेन उतरते तेव्हा खाचेत चालणारे खालचे दाते स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, आपटतात आणि त्यांच्या कडेला बारीक कोर उठते. तीच आता खाचेत अडत असावी. चेन काढून प्रत्येक दात्यावरून बोट फिरवा. दोन-चार दात्यांनाच कोर असेल तर सपाट कानसीने घासून काढा. दाते वाकलेले किंवा बरेच खराब झालेले असतील, तर मात्र दुकानदाराचे म्हणणे खरे. नवी चेन घेताना पिच (कड्यांमधील अंतर), गेज (खालच्या दात्यांची जाडी) आणि खालच्या दात्यांची संख्या जुन्या चेनशी जुळवून घ्या, आणि पहिल्या तासाभरात तिचा ताण दोन-तीनदा तपासा, कारण नवी चेन सुरुवातीला जास्त लांबते. स्प्रॉकेटवर चेनने अर्धा मिलिमीटर खोल चरा पाडला असेल तर तेही बदला, नाहीतर नवी चेनही लवकर झिजेल. बार परत बसवताना उलटा करून बसवा. आजवर खालची कडच झिजत आली आहे. आणि जळके ऑइल बंद करा. त्यातील धातूचा बारीक चुरा तेलाच्या पंपालाही खातो.