नववीत गेलं की शाळेतलं जेवण बंद, हे बरोबर आहे का?

हिंगणा_रोड_बाई: पोषण आहार आठवीपर्यंतच. सहावी ते आठवीच्या मुलाला ताटातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. तीच पोरगी नववीत गेली की काहीच नाही. मी हिंगण्याकडच्या शाळेत शिकवते. आई पहाटेच कामावर जाते, म्हणून मधल्या सुट्टीत कितीतरी मुलींकडे पाच रुपयांचा बिस्किटपुडा, नाहीतर गेटसमोरचा समोसा. शेवटच्या तासाला त्या बाकावर डोकं टेकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. पाळी सुरू झालेली, अंग वाढतंय, आणि नेमकं तेव्हाच ताट काढून घ्यायचं? दहावीपर्यंत द्या.

महालकर: बाई, माझा विरोध आहे. डबा देणं आईबापाचं काम. तांदूळ मोजा, नोंदी भरा, यात मास्तरांचे तास जातात ते काहून? माझा पोट्टा सातवीत आहे, खिचडी अर्धी टाकून देतो. आधी आठवीपर्यंतचं तरी धड शिजवा.

हिंगणा_रोड_बाई: नोंदींचं काम शिक्षकांकडून काढा, त्यात तुमच्यासोबत आहे. पण कर्नाटकात दहावीपर्यंत जेवण देतात, तिथे शिकवणं बंद पडलेलं नाही.

जवसाची_चटणी: महालकर, घरच्या डब्यात तरी काय असतं हो? दोन पोळ्या अन् बटाट्याची सुकी भाजी. पोट भरतं, प्रथिनं नावापुरती. घट्ट चून-भाकर द्या, मोड आलेली मटकी द्या. हिवाळ्यात आपल्याकडे संत्री मुबलक असतात. जेवणासोबत संत्रं खाल्लं की डाळ-पालेभाजीतलं लोह चांगलं अंगी लागतं. जेवल्याबरोबर चहा मात्र नको, त्याने उलट होतं. आणि शाळेतल्या अंड्याचे पैसे राज्य सरकारने २०२५च्या जानेवारीत थांबवले, याचा मला फार राग आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात!

महालकर: अंडं आमच्या घरी चालत नाही.

जवसाची_चटणी: त्यांच्यासाठी केळ्याची सोय होतीच की.

महालकर: ठीक. तरी माझं म्हणणं, जेवणाचे पैसे थेट आईच्या खात्यात टाका. काय शिजवायचं ते ती ठरवेल.

हिंगणा_रोड_बाई: दादा, अंधारात घर सोडणाऱ्या आईला पैशासोबत वेळही लागतो, तो खात्यात येत नाही. दुपारी गरम जेवण या पोरींना शाळेतच मिळू शकतं.