शंभर वर्षांची बाग कापून जॅकेट शिवावं का?

उलटा टाका

सध्या मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांत ‘व्हिंटेज फुलकारी जॅकेट’ जोरात आहे. हाताने भरलेली जुनी पंजाबी बाग, म्हणजे भरतकामाने पूर्ण भरलेली ओढणी, घ्यायची, मधला चांगला भाग पाठीला, उरलेले तुकडे बाह्यांना, आतून सॅटिनचं अस्तर. माझं मत सरळ आहे. फाटक्या तुकड्याचं काय हवं ते करा, पण अख्खी बाग कापू नये. कापलेली विकतही घेऊ नये, कारण आपण घेतो म्हणूनच पुढची कापली जाते.

ज्यांना फुलकारी म्हणजे शिफॉनवरची मशीनची ओढणी एवढंच माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. जुन्या फुलकारीचं कापड म्हणजे हाताने कातलेल्या सुताची, गावच्या विणकराने विणलेली जाडीभरडी खादी. तिकडे खद्दर म्हणतात. बहुतेक वेळा मंजिष्ठेच्या लाल-विटकरी रंगात रंगवलेली. कापडाचा पन्हा लहान, म्हणून दोन-तीन पट्टे जोडून एक ओढणी व्हायची. त्यावर पीळ न दिलेल्या रेशमाचं भरतकाम. या रेशमाला ‘पट’ म्हणतात. भौमितिक नक्षी असेल तर ती कापडावर आखत नसत, छापत नसत. बाई उलट्या बाजूने कापडाचे धागे मोजत टाका घालायची आणि नक्षी सुलट बाजूला उमटायची. सोनेरी रंग एकच, पण टाका कुठे आडवा, कुठे उभा, त्यामुळे उजेडात त्याच्या दोन छटा दिसतात. मधेमधे कापड दिसत राहिलं तर ती फुलकारी, सगळी जमीन भरून गेली की बाग.

आता ‘वरी दा बाग’ घ्या. घरात मुलगा जन्मला की त्याच्या होणाऱ्या बायकोसाठी आजी ती भरायला घ्यायची. लाल खादीवर सोनेरी-पिवळं रेशीम, शंकरपाळ्याच्या आत शंकरपाळं. अशा कितीतरी बागांत एखादा कोपरा मुद्दाम वेगळ्या रंगात भरलेला किंवा अर्धवट सोडलेला असतो, दृष्ट लागू नये म्हणून. ती नजरबुटी. एका स्टॉलवर मी विचारलं, तर हाच भाग ‘डिफेक्ट’ म्हणून काढून टाकतो असं उत्तर मिळालं.

कपाटवाली

ट्रंकेत पडून कसर लागण्यापेक्षा कुणाच्या अंगावर मिरवलेली काय वाईट? ज्याची वस्तू त्याचा निर्णय. आपल्याकडे जुन्या पैठणीचे काठ काढून नव्या साडीला लावतात, त्याचीही जॅकेटं शिवतात. तेव्हा कुणी इथे चर्चेचा धागा काढत नाही. पंजाबी कापड आलं की लगेच वारसा आठवतो.

उलटा टाका

पैठणीचं रेशीम फाटलं आणि काठ शाबूत राहिले की काठ काढतात. चांगली पैठणी फाडून कुणी काठ काढताना मी तरी पाहिलं नाही. शिवाय काठ स्वतःत पूर्ण असतो. बागेत मधला भाग, कड, पदर मिळून एक रचना असते, त्यातला हातभर तुकडा म्हणजे नुसता पोत उरतो.

कोळीवाड्याचा

मी पंजाबी, जन्म मुंबईचा, शाळा मराठी. आमचं घर सायन कोळीवाड्याचं, म्हणजे आताचं गुरु तेग बहादूर नगर. फाळणीनंतर निर्वासितांना तिथे जागा मिळाली. पणजी रावळपिंडीकडची. तिच्याजवळ एक थिरमा होता, पांढऱ्या खादीवर भरलेला, तो प्रकार त्याच भागातला. इथे आल्यावर पहिल्या काही वर्षांत तो दारावर आलेल्या फेरीवाल्याला विकला. घरात पैसे नव्हते, एवढंच कारण. आज तुम्ही ‘अँटिक’ म्हणून जे बघता त्यातला बराच माल असाच घराबाहेर पडलेला आहे.

उरलेल्या एका बागेवर आजी आणि तिच्या दोघी बहिणींचा हक्क होता. त्यांनी जोडाची शिवण उसवली आणि एकेक पट्टा वाटून घेतला. आजीने तिचा पट्टा चक्क संदुकीवर घातला होता, वर्षानुवर्षं त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायचे. आता सांगा, माझ्या आजीने वारसा नष्ट केला? ज्यांनी भरलं त्यांच्याच घरात ते कापड म्हणून वापरलं गेलं. काचेआड ठेवायची भाषा बाहेरच्यांची आहे.

उलटा टाका

आजीने जे केलं त्यावर माझा आक्षेपच नाही. उसवलेली शिवण पुन्हा घालता येते. तिन्ही पट्टे आजही जवळ ठेवले तर बाग पूर्ण होईल. बगलेचा गोल आकार कातरला की परत काय जोडणार? आणि काचेआड ठेवा असं मी कुठे म्हटलंय? लग्नात डोक्यावर घ्या, गुरुद्वाऱ्यात चढवा. ‘दर्शन द्वार’ नावाची कमानींची फुलकारी तर त्यासाठीच भरली जायची.

जुना बाजार

मला या शुद्धतेच्या गप्पांची गंमत वाटते. १८८० च्या दशकातच फुलकारी युरोप-अमेरिकेच्या गिऱ्हाइकांसाठी बनू लागली होती. साहेबांच्या घरांसाठी पडदे निघत होते, त्यांच्या पसंतीचे रंग घातले जात होते. पंजाबात राहिलेल्या इंग्रज लेखिका फ्लोरा अ‍ॅनी स्टील बाईंनी त्याच काळात फुलकारीवर लिहिलं आणि बाजारी मालावर नाक मुरडलं. म्हणजे ‘खरी फुलकारी संपत चालली’ ही तक्रार सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. तरी फुलकारी आहेच. जॅकेटनेही काही बिघडणार नाही.

कोळीवाड्याचा

+१

मलमल

माझं काम जुन्या कापडांच्या जतनाचं, म्हणून फक्त कापडाबद्दल बोलते. पडदा बनवायला नवं भरलं जात होतं, भरलेलं जुनं कातरलं जात नव्हतं. हा फरक ‘जुना बाजार’ यांनी सोयीस्कर गाळला.

दुसरं, बागेचा टाका लांब असतो, साधारण पाव इंच, आणि वर तरंगता. रेशमाला पीळ नाही आणि मागे गाठीही जवळजवळ नसतात. धागा टिकून राहतो तो कापडातून सलग गेला म्हणून. कात्री लागली की त्या रेषेवरचे सगळे टाके मोकळे होतात. शिंपी ओव्हरलॉक मारतो, वर पट्टी लावतो, पण आतून रेशीम सुटत राहतं. जॅकेटचं कोपर, बगल, पर्सचा पट्टा घासणारा खांदा, इथलं रेशीम सगळ्यात आधी झिजतं आणि खालची लाल खादी उघडी पडते. त्यात घाम. धुता येत नाही, रंग उतरू शकतो. कपाटात शंभर वर्षं टिकलेलं कापड अंगावर फार वर्षं काढेल असं मला वाटत नाही. कपाटवालीताई, कसर लागू नये म्हणून उपाय साधा आहे: धुतलेल्या मलमलीत गुंडाळून नळीवर गुंडाळी करा, घडी नको, हँगर नको, प्लास्टिक अजिबात नको, अधूनमधून उघडून बघा.

जाता जाता, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यापाऱ्याला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे ‘१२० वर्षं जुनी, जगात कुठेही घरपोच’ अशी जाहिरात करणारा एक तर वयाबद्दल खोटं बोलतोय किंवा कायदा मोडतोय. मला पहिली शक्यता जास्त वाटते.

कपाटवाली

मग सांभाळायचं कुणी? संग्रहालयांना सगळंच नको असतं. चांगल्या बागा कधीच परदेशी संग्राहकांकडे गेल्या. २०१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात फुलकारीचं मोठं प्रदर्शन झालं, तेही एका अमेरिकन दांपत्याच्या संग्रहावर बेतलेलं. आपण इथे चार जॅकेटांवर भांडतोय. जॅकेटमुळे निदान माझ्या मुलीला ‘हे काय आहे’ असा प्रश्न पडला.

उलटा टाका

प्रश्न नव्या जॅकेटमुळेही पडेल. पतियाळ्याच्या त्रिपडी भागात आणि आसपासच्या गावांत बायका आजही हाताने फुलकारी भरतात. त्यांच्याकडून हवं त्या मापात भरून घ्या, पैसे जिवंत बाईच्या हातात जातील. महाग पडेल, वेळ लागेल, मान्य. पण जुन्या बागेचं जॅकेट त्याहून स्वस्त पडत असेल, तर ज्या बाईने ती भरली तिच्या कामाची किंमत आपण शून्य धरली, म्हणून स्वस्त.

जुना बाजार

हे पटलं थोडं. ‘थोडं’ हा शब्द लक्षात घ्या.

उलटा टाका

अजून एक, ‘तुकड्यातही नक्षी दिसतेच की’ म्हणणाऱ्यांसाठी. भटिंडा, फरीदकोटकडची ‘सैंची’ फुलकारी चित्रांची असते: ताक घुसळणारी बाई, कुस्ती, जनावरं, दागिने, आगगाडी. मागच्या प्रदर्शनात मी सैंचीचं जॅकेट पाहिलं. इंजिन पाठीवर, दोन डबे डाव्या बाहीत, आणि गार्डचा डबा बहुधा दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे.

कपाटवाली

पाठीवर इंजिन? कुठलं प्रदर्शन, स्टॉल नंबर आठवतोय का?