विषय: जुलैची बामणोली – बोटवाल्याला शुक्रवारपर्यंत कळवायचंय

सातारकर (सहल)
मंडळी, बोटवाल्याचा परत फोन. १२ जुलैला तीन बोटी ठेवू का, आणि इसार कधी? नावं ३१ आलीत, पैसे ९ जणांचे. वासोटा किल्ला पावसाळ्यात बंद, वनखातं सोडत नाही. हे मागेच लिहिलंय तरी तिघांनी परत विचारलं. आपण बामणोलीहून फक्त शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, फिरून यायचं. "बघू", "कळवतो" नको. हो किंवा नाही.

खजिनदार
इसार मंडळाच्या खात्यातून जाणार नाही. गेल्या वेळच्या बसचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

कऱ्हाडकर
पण जुलै ठरवला कुणी? इथं न्यूझीलंडात शाळांना सुट्टी आहे म्हणून? धरण १०५.२५ टीएमसीचं असलं तरी उन्हाळ्याअखेर पाणी इतकं मागं हटतं की बोटीपर्यंत चिखल तुडवत जावं लागतं. नवजाला चार दिवस कोसळला की तेच पाणी भराभर वर येतं, मग धुकं आणि वारा. म्हणजे चिखल नाहीतर धुकं. लहानपणी तापोळ्याला आत्याकडं दोन्ही भोगलंय.

वायमाकवाला
कऱ्हाडकरांना पाठिंबा. आजच बातमी वाचली, कोयनेतून २१०० सोडलंय, तेही मे महिन्यात! इथं क्राइस्टचर्चजवळ वायमाकारीरी नदीला २१०० झालं तर आम्ही जेटबोट शेडमधून काढतही नाही. एवढ्या पुरात पोरं न्यायची?

कऱ्हाडकर
अहो, ते क्युसेक, म्हणजे सेकंदाला घनफूट! तुमच्या नदीचे आकडे क्युमेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनमीटरमध्ये असतात. ३५.३ नं भागा, साठच्या आत येतंय. तुमच्या वायमाकारीरीची सरासरीच त्याच्या साधारण दुप्पट आहे. पायथ्याच्या वीजगृहातून शेतीला सोडलेलं पाणी आहे ते, पूर कसला?

वायमाकवाला
बरं, चुकलं. मग असं करू, बामणोली सोडा, सांगलीत कृष्णेतच जेटबोट का नको? खाली पंखा नसतो, तळातून पाणी ओढून मागं फेकते, वीतभर पाण्यातही चालते. हॅमिल्टन नावाच्या इंजिनिअरनं १९५० च्या दशकात इथल्या दगडगोट्यांच्या नद्यांसाठीच बनवली.

सांगलीकर (सध्या गावी)
मी रोज सकाळी घाटावर जातोय, तर सांगतो. जेटबोट पाणी ओढते ना? इथं पाण्याआधी जलपर्णी ओढेल आणि जाळी तुंबून जागेवर बसेल. पुढं बंधारा आडवा. वर भिलवडी-औदुंबरकडं मगरी. पोहायला जाणारी पोरं काठावरून बघून मग उतरतात. आमच्या होड्यांच्या शर्यती आहेत की, त्या बघायला या. वल्ही मारायला दम लागतो, पेट्रोल नाही.

आणि जुलैत येणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: सांगलीचं आभाळ बघून काही कळत नाही. पाऊस महाबळेश्वर, नवजा, कोयनेला पडतो, पाणी आमच्याकडं येतं. इथं ऊन असताना आयर्विन पुलाखाली पातळी चढत असते. ४० फूट इशारा, ४५ धोका, आणि २०१९ ला ५७ फूट ६ इंच. आमच्या शेजारच्यांनी "एवढं येत नाही" म्हणून गाडी खालीच ठेवली होती.

वायमाकवाला
अरे, हे तर आमच्या नॉरवेस्टरसारखं! क्राइस्टचर्चला कोरडा गरम वारा, निरभ्र आकाश, आणि डोंगरात पाऊस असल्यानं नदी गढूळ होऊन वर. नवीन माणूस तिथंच फसतो.

मिरजेच्या मावशी
तुमचे क्युसेक-क्युमेक चालू द्या. मला एवढंच सांगा, पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं बोटवाल्याकडं आहेत का? मोठ्यांचं जॅकेट नातवाच्या डोक्यावरून निघून जातं. २०१९ च्या ऑगस्टात ब्रह्मनाळला पुरातून माणसं आणणारी बोट उलटली, तेव्हापासून मी जॅकेटशिवाय कुणाला चढू देत नाही. आणि एका बोटीत किती, तेही विचारा. तीन बोटींत ३१ कसे बसवणार आहात?

सातारकर (सहल)
मावशी, विचारतो. बोटवाल्याशी बोलायचं काम माझ्याकडं आहे, कृपया इतरांनी परस्पर फोन करू नयेत. काल दोघांनी केले, दोघांनी दोन वेगळे आकडे सांगितले. एवढं सगळं ऐकल्यावर २८ डिसेंबर करायचं का? धरणात पाणी असेल, वासोटाही खुला. सकाळी लवकर निघायचं आणि प्लास्टिक घरी ठेवायचं, एवढंच.

खजिनदार
मग ९ जणांचे पैसे परत करायचे की पुढं ओढायचे?

कऱ्हाडकर
पुढं ओढा. डिसेंबरला माझं हो. पाच नावं.

मिरजेच्या मावशी
आमची जुलैची तिकिटं काढून झालीत. परत न मिळणारी.