विषय : इंग्लंडच्या खेड्यात कौन्सिलचे भाड्याचे घर

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी व जावई चार वर्षांपासून श्रॉपशरमधल्या एका खेड्यात खासगी घरमालकाकडे भाड्याने राहतात. ती केअर होममध्ये (वृद्ध व आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या संस्थेत) नोकरी करते आणि तिला आता तिथे कायम राहण्याची परवानगी मिळाली आहे. घरभाड्यात पगार संपतो, म्हणून तिने कौन्सिलच्या (तिथल्या स्थानिक पालिकेच्या) घरासाठी नाव नोंदवले. पण तिला सर्वांत खालचा बँड (प्राधान्याचा गट) मिळाला आणि रिकाम्या घराची जाहिरात आली की त्यासाठी ‘बिड’ (बोली) करा असे सांगण्यात आले. रावपुऱ्यात बसून मला तर हा लिलावच वाटतो. आशा सोडावी काय? कोणाची तिथे ओळख असल्यास कृपया कळवावे.

— रावपुरा, वडोदरा

स. न. वि. वि.

इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या घरवाटप विभागात बरीच वर्षे नोकरी करून मी आता दांडिया बाजारातल्या घरी परतलो आहे, म्हणून उत्तर देतो. स्कॉटलंड आणि वेल्समधले नियम निराळे आहेत, हे ध्यानात असू द्यावे.

बिडमध्ये पैशाचा संबंध नाही. ‘या घरासाठी माझा विचार व्हावा’ एवढीच ती नोंद असते. बँड ठरतो तो गरजेवरून. 1996 च्या गृहनिर्माण कायद्यात बेघर, दाटीवाटीने राहणारे, आजारपणामुळे घर बदलावे लागणारे अशांना प्राधान्य आहे. नुसते भाडे जड जाते एवढ्यावर वरचा बँड सहसा मिळत नाही. पण खेड्यात बँडपेक्षा मोठी गोष्ट आहे ती गावाशी असलेला संबंध, आणि तुमच्या मुलीने लक्ष द्यावे ते तिथे.

1980 च्या कायद्याने भाडेकरूंना कौन्सिलचे घर विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि खेड्यांतली आधीच मोजकी असलेली घरे आणखी कमी झाली. पुढे गावाच्या कडेला, जिथे एरवी बांधकामाची परवानगी मिळत नाही अशा जमिनीवर, परवडणारी घरे बांधू दिली गेली. मात्र 1990 च्या नियोजन कायद्याच्या कलम 106 खालच्या करारात अट घातली जाते की ती आधी त्या पॅरिशमध्ये (गावपातळीवरच्या छोट्या प्रशासकीय भागात) राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या किंवा जवळचे नातलग असलेल्या माणसाला द्यावीत. तसे कोणी नसेल तरच शेजारच्या पॅरिशचा आणि मग त्यापलीकडच्यांचा विचार होतो. त्यामुळे वरच्या बँडमधला परका मागे राहतो आणि खालच्या बँडमधल्या गावकऱ्याला घर मिळते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

तेव्हा तुम्ही म्हणता ती ‘ओळख’ उपयोगाची नाही. आपल्याकडे वाड्यातली खोली मिळे तशी ही गोष्ट नाही. तिथे संबंध कागदावर दाखवावा लागतो. भाडेकरार आणि प्रत्येक वर्षाचे कौन्सिल टॅक्सचे (घरपट्टीसारख्या स्थानिक कराचे) बिल जपून ठेवावे. नोकरीच्या बाबतीत एक खोच आहे : पगारपत्रकावर पुष्कळदा कंपनीच्या शहरातल्या मुख्य कार्यालयाचा पत्ता असतो आणि तेवढ्यावरून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. प्रत्यक्ष काम कोणत्या गावात चालते, आठवड्याला किती तास, हे लिहिलेले नोकरीच्या मालकाचे पत्र मागून घ्यावे. टपालाचा पत्ता आणि पॅरिशची हद्द जुळेलच असे नाही, तेही नकाशावर पाहावे.

जाहिरातीत भाड्याचा प्रकारही वाचावा. ‘सोशल रेंट’ बाजारभावाच्या साधारण निम्मे असते, तर 2011 नंतर आलेले ‘अफोर्डेबल रेंट’ 80 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. नाव फसवे आहे. अनेक खेड्यांत गॅसची लाइन नसते आणि घर तापवण्यासाठी तेलाची टाकी भरावी लागते, हा खर्च बिड करण्यापूर्वीच विचारावा, कारण देऊ केलेले घर नाकारल्यास काही कौन्सिले अर्ज काही काळ बाजूला ठेवतात.

— दांडिया बाजार, वडोदरा

सप्रेम नमस्कार.

पगारपत्रकावर खरोखरच शहराचा पत्ता निघाला. मुलीने पत्र मागितले आहे. नकाशा पाहिल्यावर केअर होम ओढ्यापलीकडच्या शेजारच्या पॅरिशमध्ये असल्याचेही कळले. आता काय करावे?

— रावपुरा

स. न. वि. वि.

उलट बरे झाले. एका पॅरिशशी राहण्याचा आणि दुसरीशी नोकरीचा, असे दोन संबंध अर्जात स्वतंत्रपणे लिहावेत आणि दोन्हींकडच्या घरांसाठी बिड करावे. किती वर्षांचे वास्तव्य आणि किती काळची नोकरी लागते, ते प्रत्येक जाहिरातीत वेगळे असू शकते.

— दांडिया बाजार